पाला किती, बटाटा किती?

अनगोळचे शिवार काळ्या जमिनीचे, भाताचे. बटाटा पिकतो तो बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील तांबड्या मातीत. तरी आम्हा अनगोळकरांपैकी अनेकांचे आजोळ किंवा सासर तिकडचे, त्यामुळे पावसाळा तोंडावर आला की बटाट्याच्या बियाण्याची चर्चा आमच्याही घरात निघतेच. लावणीच्या खर्चात मोठा वाटा बियाण्याचा. ते फसले तर मुलांच्या फीपासून दिवाळीपर्यंत सगळेच अडते.

बांधावर उभे राहून आम्ही आधी पाहतो तो पाला. उंच, हिरवागार. "यंदा पीक जोरात!" असे कुणीतरी म्हणतेच. पण काढणीला हाती येतात सुपारीएवढे गड्डे. असे का होते?

विद्यार्थी मित्रांनो, बटाटा हे मूळ नव्हे. जमिनीखाली वाढणाऱ्या खोडाच्या फांदीचे ते फुगलेले टोक. पानांनी केलेले अन्न वर नव्या फांद्यांना द्यायचे की खाली बटाट्याला, हा झाडाचा घरगुती हिशेब. युरिया जास्त पडला किंवा रात्री उबदार राहिल्या की तो वरच्या बाजूला झुकतो.

जातीप्रमाणेही हा हिशेब बदलतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची कुफरी चंद्रमुखी (१९६८) लवकर तयार होते. अशा हळव्या जाती वरची वाढ लवकर आवरून बटाटा पोसू लागतात. कुफरी सिंदुरीसारख्या गरव्या जाती फांद्या फोडत राहतात. हंगाम लांबला तर त्या जास्त देतात, पण आपल्याकडे त्याआधीच करपा गाठतो. कुफरी ज्योती (१९६८) या दोहोंच्या मधली. तिची करप्याला तोंड देण्याची ताकद आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

पाला नकोच असेही नाही. तो सरी लवकर झाकतो तेव्हा ऊन वाया जात नाही, तणही दबते. मात्र पावसाळ्यात फार दाट पाला ओलाच राहतो आणि करप्याला आयतीच जागा मिळते.

आणखी एक, खोडांची संख्या. बियाण्याच्या फोडीवर डोळे जास्त, तर खोडे जास्त. खोडे जास्त, तर बटाटे पुष्कळ पण बारीक.

श्रावणात आजोळी गेलात तर एका झाडाची जमिनीतून वर आलेली खोडे मोजा, शेजारी काठी रोवून खूण करा. काढणीच्या दिवशी त्याच झाडाखालचे बटाटे मोजा, तोला, आणि आकडे वर्गात घेऊन या.