नेवरीचा तुकडा

2023 च्या चवथीला आम्ही दिग्गीला होतो. नोकरीपायी बिऱ्हाड बाहेर असले तरी चवथ मूळ घरातच करायची, हा वडिलांपासूनचा शिरस्ता. आरती झाली, पाने वाढली. सौ.ने नेवरीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो घशाखाली उतरेना. पाणी दिले तर ते नाकातून परत आले. खोकून खोकून तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आई म्हणाली, "नजर लागली." मला मात्र आठ दिवसांपूर्वीची सुई आठवली.

दोन वर्षांपासून तिची मान आपोआप डावीकडे वळत असे. सरळ बघून चालायचे तर हनुवटीला बोट लावावे लागे. वात समजून पुष्कळ तेल जिरवले. शेवटी शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नाव सांगितले, मानेचा डिस्टोनिया. आणि उपाय, बोट्युलिनम टॉक्सिन.

"म्हणजे नट्या सुरकुत्यांसाठी घेतात ते बोटॉक्स?" तिने विचारले. तेच ते.

या विषाचा पहिला अभ्यासक मोठा गमतीचा माणूस. युस्टिनुस केर्नर हा जर्मन डॉक्टर कवीही होता. नासके सॉसेज खाऊन माणसे का मरतात याचा त्याने छडा घेतला, ते विष स्वतः चाखून पाहिले आणि 1822 मध्ये लिहून ठेवले, की अत्यल्प मात्रेत हेच औषध ठरू शकेल. ते खरे व्हायला दीडशे वर्षे गेली. अमेरिकेत अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर ते वापरले. 1989 मध्ये तिथे परवानगी मिळाली.

मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत धाडतो. हे विष तो निरोप तंतूच्या टोकाशीच अडवते. स्नायू सैल पडतो. तीनेक महिन्यांत निरोप पुन्हा पोचू लागतात, म्हणून सुई पुन्हा घ्यावी लागते. पण मानेच्या स्नायूंना लागूनच गिळण्याचे स्नायू आहेत. औषध थोडे पलीकडे पाझरले, की तेही सैल पडतात. आणि हे टेबलावर कळत नाही. परिणाम दोनतीन दिवसांनी सुरू होतो, कधी आठवड्याने, दोन आठवड्यांनी. तोवर रोगी घरी पोचलेला असतो. आमच्यासारखा, जंगलातल्या घरी, भर पावसात. क्वचित श्वासाचे स्नायूही सापडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये हा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला.

हे सारे मला नंतर कळले. इशाऱ्याचा इंग्रजी कागद रुग्णालयाने दिला होता. मी एम. ए., मुख्याध्यापक, मुलांना 'प्रश्नपत्रिका नीट वाचा' म्हणून वर्षानुवर्षे सांगणारा. मी तो चौपदरी घडी करून खिशात ठेवला होता. सदरा धुवायला गेला, कागदाचा लगदा झाला.

खोकला ओसरल्यावर सौ. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, ती सिस्टर म्हणाली होती ना, 'नुंगलु तोंदरे आदरे बन्नि'." गिळायला त्रास झाला तर या. तिचे कन्नड बाजारातले. पण ऐकले तिनेच होते. मी त्या वेळी बिल भरत होतो.

रेंजसाठी पुतण्या टेकडीवर धावला. डॉक्टरांचा निरोप आला: पातळ पाणी देऊ नका, घट्ट पेज द्या, ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन लहान घोट, श्वास लागला तर क्षणभर थांबू नका, आणि एरवीही उद्या घेऊन या. ती रात्र मी तिच्या छातीकडे बघत काढली. श्वास मोजत होतो. बाहेर पाऊस एवढा, की मोजणी चुकायची, पुन्हा एकपासून सुरुवात.

सकाळी जीप मिळाली. तपासून डॉक्टरांनी पेजच चालू ठेवायला सांगितले. तीन आठवड्यांनी ती भाकरी खाऊ लागली. आणि गंमत अशी, की मान सरळ झाली होती. दिवाळीत तिने दोन वर्षांनी प्रथमच हनुवटीला हात न लावता रांगोळी काढली.

जानेवारीत मान परत वळू लागली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "गिळणं परत आलं, मान आपसूक येणार नाही." डॉक्टरांनी गळ्याच्या पुढच्या स्नायूतली मात्रा कमी केली. या खेपेस आम्ही पंधरा दिवस रुग्णालयाजवळ बहिणीकडे राहिलो. सातव्या दिवशी तिने पाण्याचा घोट घेतला, मी हातात पंचा धरून उभा. पाणी खाली उतरले. "बसा आता," ती म्हणाली.