हाक मारली तर येणार कोण?

रात्री जेवणं उरकली की फोनवर जमिनीच्या जाहिराती बघत बसायचं, हा नाद आपल्यातल्या बऱ्याच जणांना असतो. आमच्या घरी तो दोन वर्षं चालला आणि हळूहळू गंभीर झाला. शुगर लँडमध्ये आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मी ह्यूस्टनला पोस्टडॉक, नवराही व्हिसावरच, मुलगी साडेचार वर्षांची आणि तिला दमा. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. अशा वेळी ‘४० एकर, झोनिंग नाही, शेजारी नाहीत’ असं वाचलं की छातीवरचा दगड क्षणभर हलतो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

आमचं बोट थांबलं ते पश्चिम टेक्सासातल्या टेरेल काउंटीवर. क्षेत्रफळ सुमारे ६,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून मोठं. २०२० च्या जनगणनेत माणसं ७६०. सिंधुदुर्गात २०११ साली साडेआठ लाखांच्या आसपास होती! १९५० मध्ये टेरेलमध्येही तीन हजारांवर वस्ती होती. मग पन्नाशीच्या दशकातला मोठा दुष्काळ आला, मेंढ्यांच्या आणि अंगोरा शेळ्यांच्या लोकरीवरचं सरकारी अनुदान नव्वदीत बंद झालं, रेल्वेनेही आपली माणसं तिथून हलवली. स्वस्त जमीन बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा: आधीचे लोक का गेले?

मार्चमध्ये आम्ही सँडरसन या तिथल्या मुख्य गावी दोन रात्री राहून आलो. असं आभाळ मी लहानपणी माणात गच्चीवर झोपायचो तेव्हा पाहिलं होतं. नवरा तर तिथेच राहू म्हणाला. मी फोटो अण्णांना पाठवले. अण्णांची आयुष्यभराची शेती माण तालुक्यातली, कोरडवाहू. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. “पाणी कुठलं? वाट कुणाच्या रानातनं? आन् रातच्याला हाक मारली तर येणार कोण?”

पाण्यापासून सुरुवात केली. तिथला पाऊस वर्षाला १३-१४ इंच, माणातल्या सरासरीहूनही कमी. १,००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२० गॅलन पाणी मिळतं. २,००० फुटांचं छप्पर धरलं तर वर्षाला १६,००० गॅलन, म्हणजे दिवसाला ४४. गळती आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी वजा करा. तिघांचं पिणं, स्वयंपाक, अंघोळ काटकसरीने भागेल. भाजीपाला आणि कोंबड्यांना काय देणार? उरली बोअर. ती काही शे फूट खोल, आणि टेक्सासात १९०४ च्या निकालापासून तत्त्व असं की आपल्या जमिनीखालचं पाणी ज्याने उपसलं त्याचं. आता भूजल जिल्हे काही नियम लावतात, पण शेजाऱ्याने मोठा पंप बसवल्यावर आपली बोअर आटली तर दाद मागणं कठीणच. आणि पाऊस कमी म्हणून पुराची भीती नाही असं समजू नका. जून १९६५ मध्ये एका सकाळी सँडरसनमध्ये पुराचा लोंढा आला आणि वीसहून अधिक माणसं गेली. जाहिरातीतला ‘सुंदर कोरडा ओढा’ पूररेषेच्या नकाशावर शोधून बघा.

वाटेचं म्हणाल तर आपल्याकडे शेताला रस्ता नसला की कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. इथे चहूबाजूंनी दुसऱ्यांची राने असली तर वाटेचा हक्क आपोआप मिळेलच असं नाही. तो कागदावर नोंदलेला हवा. खनिजांचे हक्कही बहुतेकदा आधीच कुणीतरी राखून ठेवलेले असतात. त्या मालकाला विहीर खणायला आपल्या जमिनीचा वाजवी वापर करता येतो. तेव्हा जाहिरातीतला सातबारा अर्धाच असतो म्हणायचा.

तिसरा प्रश्न मात्र आम्हाला हिशेबात मांडता येईना. काउंटीत रुग्णालय नाही. जवळचं फोर्ट स्टॉकटनला, सुमारे ६५ मैलांवर. मुलीचा दम्याचा झटका आम्ही दोनदा पाहिला आहे; शुगर लँडमध्ये आपत्कालीन विभागात पोचायला बारा मिनिटं लागली होती आणि तीही लांबली होती.

टेरेलवर फुली मारली ती याच कारणाने. पण कागद चाळताना आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. इथे आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसांनाही ती घेता येते. मात्र जमिनीबरोबर इथे राहण्याचा हक्क मिळत नाही. त्या ४० एकरांवरची अंडी विकायला बसलो तर तेही विनापरवाना काम ठरू शकतं. आम्ही ज्या धास्तीवर उतारा म्हणून जमीन शोधत होतो, तिला ती लागूच पडत नव्हती. नवऱ्याला हे पचायला महिना लागला.

शोध थांबलेला नाही. आता आमच्या तक्त्यात पहिला रकाना रुग्णालयाच्या मिनिटांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा वाटेचा, किंमत शेवटी. त्या क्रमाने बघितलं की आमच्या पश्चिमेच्या कोलोरॅडो आणि लवाका काउंट्या वर येतात. तिथे पाऊस ४० इंचांच्या आसपास, रुग्णालय काउंटीतच, गावंही जिवंत. भाव इतका चढा की ४० एकरांचे ३-४ होतील. अण्णांच्या मते तेवढे तिघांना पुष्कळ झाले.