ताणलेला दोर

गेल्या वर्षी विंचच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं काम आलं. विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेला, मोटरने फिरणारा ढोल; त्यावर दोर गुंडाळलेला असतो. चिखलात रुतलेली गाडी त्याच्या जोरावर स्वतःला ओढून काढते. गोव्यात 2014 पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. पण या पुस्तिकेतली बरीच पानं अंगणातल्या कामांची होती: पडलेलं झाड ओढणं, खुंट काढणं, कुंपणाचे जुने खांब उपटणं. मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलेली, आजवर बहुतेक कथा-कादंबऱ्याच अनुवादल्या. कथेत एका शब्दातून दोन अर्थ निघाले तर वाचक सुखावतो. इथे तेवढ्याने एखाद्याचा हात जाऊ शकतो.

शब्द मात्र मजेत सापडत गेले. माझं आजोळ मिरजेकडचं. मोट माझ्या जन्माआधीच थांबली होती, पण विहिरीवर धाव आणि थारोळं शिल्लक होतं आणि आजीच्या बोलण्यात नाडा नि सोल. बैलांच्या जुवाला बांधलेला जाड दोर तो नाडा. मोटेची सोंड धरणारा बारीक दोर तो सोल. स्नॅच ब्लॉकला आपली कप्पी आहेच. तिला कन्नडमध्ये राटे म्हणतात, आपल्या रहाटाची बहीणच. दोर सैल सोडण्याला पतंगवाल्यांची ढील मिळाली. शॅकल, स्लिंग, वायररोप हे गॅरेजमधले शब्द तसेच ठेवले. शॅकलला शुद्ध मराठी नाव शोधू पाहणाऱ्याने आधी एकदा ती हातात धरून पाहावी.

अडलं ते इशाऱ्यांपाशी. ‘ताणलेला दोर ओलांडू नये’ हे सरकारी पाटीचं मराठी. ‘नये’ कुणाकडेच बघत नाही. ‘ओलांडू नका’ म्हटलं की समोर एक माणूस उभा राहतो. पण कोणता? मूळ मजकूर सगळा बटण धरणाऱ्याशी बोलत होता. पोलादी दोर ओढ बसली की किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखी शक्ती साठवतो. तो तुटला की ती सगळी शक्ती एका फटक्यात सुटते, आणि समोर बटण धरणारा आहे की नुसता बघ्या, हे दोर पाहत नाही. सिंथेटिक दोर हलका, शक्तीही कमी साठवतो. तरी त्याच्या टोकाची शॅकल निसटली तर ती उडणारच. म्हणून दोराच्या मध्यावर जाड घोंगडी टाकायची असते.

काम हातात असतानाच मेमधल्या वळवाने आमच्या वसाहतीतला गुलमोहर पाडला. आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत, नीलाद्री रस्त्याच्या आत राहतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ पसरणारी. भोवती फरशी घातली की त्याला धरायला माती उरत नाही. कर्नाटकात 1976 च्या कायद्याने झाडाला हात लावायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कागद हातात आल्यावर खोड कापून नेलं. उरला खुंट, अर्धी मुळं हवेत, अर्धी जमिनीत.

शेजारच्या इमारतीतल्या कोइमतूरच्या गृहस्थांच्या थारला विंच होतं. खुंट भिंतीच्या आड, थार फाटकापाशी, त्यामुळे सरळ ओढणं शक्य नव्हतं. समोरच्या रेनट्रीच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळून कप्पी अडकवली आणि दोर काटकोनात वळवला. असा वळवला की कप्पी धरणाऱ्या झाडावर दोरातल्या ताणाच्या सुमारे 1.4 पट ओढ येते. दोर समांतर परत आला तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे काढायच्या खुंटापेक्षा धरून ठेवणाऱ्या झाडाची जास्त काळजी करायची. आणि वळणाच्या आतल्या कोनात कुणीही उभं राहायचं नाही, कारण कप्पी सुटली तर दोर तिकडेच झेपावतो. विंचची खरी ताकद ढोलावरच्या सगळ्यात आतल्या थराला असते, म्हणून पुष्कळ दोर सोडलेला बरा. पण पोलादी असेल तर निदान पाच वेढे ढोलावर राहायलाच हवेत. शेवटची गाठ ओझं पेलण्यासाठी नसतेच. आधी कुऱ्हाडीने मोठी मुळं तोडली. न तोडता ओढलं तर खुंट हटून बसतो आणि मग एकदम गाडीकडे येतो.

बागेचं काम बघणारे काका भालकीचे, मराठी शाळेत शिकलेले. त्यांना मी माझा कच्चा मसुदा वाचायला दिला. दोन पानं वाचून त्यांनी विचारलं, “ताई, हे ‘चालक’ म्हणजे कोण? मी, का थारवाले साहेब?”

तेवढ्यात दुसरा पेच निघाला. लाकूडतोडे हिंदी बोलणारे, साहेब तमिळ, काका कन्नड-मराठी. ‘सोड’, ‘छोडो’, ‘बिडु’: तिन्हींचा अर्थ बटण सोड असाही होतो आणि क्लच सोड असाही. ओढ असताना क्लच सुटला तर दोर मोकाट धावतो. म्हणून शब्द बंद. खुणा फक्त काकांनी करायच्या, साहेबांनी फक्त काकांकडे बघायचं. एकच शब्द सगळ्यांना मोकळा ठेवला: ‘साकु’, कन्नडमधलं ‘पुरे’. तो कुणीही, केव्हाही म्हणू शकतो, आणि तो ऐकला की यंत्र थांबलंच पाहिजे.

दोर ताणला. रेनट्रीची साल पट्ट्याखाली करकरली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा मोबाइल उंचावत दोर ओलांडायला निघाला. काकांची मूठ वर गेली आणि तीन बाजूंनी ‘साकु’ ऐकू आलं. ढील दिली गेली. काकांनी त्याला दंडाला धरून पार जिन्यापाशी नेऊन उभं केलं. तो म्हणाला, “मैं तो बस देख रहा था.”

त्या रात्री पुस्तिकेत मी एक चौकट घातली, मूळ मजकुरात नसलेली. मथळा: ‘बघणाऱ्यांसाठी’. पहिलं वाक्य: ‘दोर ताणला की त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरापलीकडे जा, तुमच्या हातात बटण नसलं तरी.’ काम देणाऱ्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ती ठेवली.

खुंट चौथ्या खेपेला निघाला, मोटर थंड होऊ देत देत. खड्डा भरायला दोन ट्रॉली माती लागली. तिथे काय लावायचं यावरून सोसायटीच्या ग्रुपवर अजून चार भाषांत वाद चालू आहे, आणि साकु म्हणायला कुणीच पुढे येत नाही.