जे. पी. नगरहून एस. पी. रोडला

बंगळूरला गेलेला पाहुणा लालबाग पाहतो, म्हैसूरपाक बांधून घेतो आणि परततो. तुमचा मुक्काम जे. पी. नगरात असेल आणि घरात गेमवेडं पोर असेल, तर एक सकाळ आणखी काढा. जयप्रकाश नारायणांचं नाव लाभलेल्या या वसाहतीतून २०१७ पासून मेट्रो थेट चिकपेटला जाते. तिथून चालत सदर पत्रप्पा रोड, म्हणजेच एस. पी. रोड. अरुंद बोळांत मदरबोर्ड, पंखे, केबलींचे भारे!

गेम रंगात आला की कॉम्प्युटर फटकन बंद पडतो? चिरंजीव म्हणतील, ग्राफिक्स कार्ड गेलं. लगेच पाकीट काढू नका. आधी पंख्यावरची धूळ झटका. तरीही तेच, तर पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, तपासून घ्या. नव्या कार्डाची भूक मोठी, जुन्या एसएमपीएसचे वॅट अपुरे. भार वाढला की तो मान टाकतो. कार्डाला किती वॅट हवेत, हे खोक्यावर बहुधा छापलेलं असतं. तो बदलणं नव्या कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त.

रॅमची जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर-४च्या खाचेत डीडीआर-५ बसत नाही. आणि घासाघीस कितीही करा, पक्कं बिल सोडू नका. वॉरंटीला तेच लागतं.