नांव पटावर चढतें तेव्हां

गेल्या वर्षीं आमच्या घरांतून दोन मुलें शिकावयास परदेशीं गेलीं. श्रावणांत धाकट्या बंधूंचा नातू अमेरिकेस गेला आणि भाद्रपद संपतां संपतां आमची नात इंग्लंडास. दोघांनाही निरोप देतांना सौभाग्यवतींनीं एकच प्रश्न विचारला : "तिथें उतरल्यावर तुम्हांला आपलं म्हणायला कोण येणार?" मुलें हसलीं, आम्हीही हसलों. पुढें मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, असें आमच्या ध्यानांत आलें.

नातवाचें वर्णन ऐकून आमच्या डोळ्यांपुढें एखादें लग्नघर उभें राहिलें. वसतिगृहाच्या दाराशीं गाडी थांबतांच एकाच रंगाचे सदरे घातलेलीं वरच्या वर्गांतील मुलें धांवत आलीं व त्याच्या पेट्या उचलून थेट खोलींत ठेवून गेलीं. पोंचवावयास आलेल्या आईबापांसाठीं निराळी सभा होती. पुढील आठवडाभर ग्रंथालयाची ओळख, सल्लागार अध्यापकांची भेट, विषयांची निवड आणि शेवटीं झगे परिधान केलेल्या अध्यापकवर्गासमोर सर्वांची स्वागतसभा, असा छापील कार्यक्रम हातांत दिलेला. "मोठे आजोबा, इथं जांभई द्यायलासुद्धा सवड ठेवली नाही!" असें तो म्हणाला.

नातीचा आठवडा अगदीं निराळा. तो आंखला होता विद्यार्थ्यांच्या संघानें. दिवसा एका भव्य दालनांत नाना मंडळांची जत्रा भरे : कोठें वादसभा, कोठें नाटक, कोठें गिर्यारोहण, कोठें क्रिकेट. रात्र पडली कीं संगीत, नृत्य व पानगोष्ठी. "सगळं छान आहे, आजोबा," एवढेंच ती आम्हांला सांगत असे. पहिल्या तीन रात्रीं आपण खोलीचें दार लावून बसलों होतों, हें तिनें दिवाळीच्या सुमारास सांगितलें. चौथ्या रात्रीं शेजारच्या खोलींतील एका वेल्श मुलीनें दारावर टिचकी मारून विचारलें, "चहा ठेवला आहे, येतेस का?" सामाईक स्वयंपाकघरांतील त्या एका पेल्यानें तिचें विद्यापीठ सुरू झालें.

एकाच भाषेच्या दोन देशांत हा भेद कां असावा, याचा आम्हीं थोडा शोध केला. इंग्लंडांत विद्यार्थी आपला विषय आधींच ठरवून येतो व बहुधा तीन वर्षांत पदवी घेतो. अमेरिकेंत चार वर्षें असतात आणि मुख्य विषय पुष्कळदां मागाहून ठरतो. म्हणून तेथें प्रारंभींच वाटाड्या लागतो. दुसरें कारण कायद्याचें. इंग्लंडांत अठराव्या वर्षीं मद्य विकत घेतां येतें; अमेरिकेंत १९८४ च्या कायद्यानंतर ती मर्यादा सर्वत्र एकवीस झाली. त्यामुळें इंग्लंडांत जें उघडपणें दिवाणखान्यांत चालतें, तें अमेरिकेंत निदान विद्यापीठाच्या कार्यक्रमपत्रिकेंत बसत नाहीं. अलीकडे इंग्लंडांतही मद्यावांचून होणारे मेळावे वाढत आहेत, ही समाधानाची गोष्ट.

अमेरिकन लोकांनीं या स्वागताचें जणूं शास्त्रच बनविलें आहे. मेन विद्यापीठानें १९२३ सालीं नवागतांचा स्वतंत्र आठवडा सुरू केला. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठांत १९७० सालीं विद्यार्थ्यांचा मोठा क्षोभ झाला. तेव्हां केवळ शिक्षा न देतां तेथील अध्यक्षांनीं विचार केला आणि १९७२ पासून नवीन मुलांसाठीं एक वर्गच उघडला. विद्यार्थ्यास विद्यापीठ आपलें वाटावें, हा त्याचा हेतु.

विधींचें प्रेम मात्र दोन्हीकडे सारखेंच. ब्राऊन विद्यापीठाच्या १९०१ सालच्या महाद्वाराचा मधला दरवाजा वर्षारंभीं नवागतांसाठीं आंत उघडतो व पदवीदानाच्या वेळीं बाहेर. १४१३ सालीं स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज येथें वरच्या वर्गांतील विद्यार्थी नवागतांचे मानलेले आईबाप होतात. पूर्वीं हीं 'लेंकरें' कृतज्ञतेनें त्यांना मनुका देत व बदल्यांत लॅटिन भाषेंत पावती मिळे. हल्लीं मनुकांची जागा बहुधा मद्याच्या बाटलीनें घेतली आहे. ऑक्सफर्ड येथें रेन यानें रचलेल्या शेल्डोनियन सभागृहांत नवे विद्यार्थी काळा झगा घालून बसतात आणि कुलगुरु लॅटिनमध्यें त्यांना विद्यापीठांत दाखल करून घेतात. या विधीचें नांव ऐकून आम्ही चकित झालों : म्याट्रिक्युलेशन!

आम्ही स्वतः म्याट्रिक. अकरावीच्या जुन्या शालान्त परीक्षेस आमच्या लहानपणीं घरोघर हेंच नांव होतें. त्यापुढें आम्ही पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि मास्तर झालों. आमच्या समजुतीप्रमाणें म्याट्रिक म्हणजे शाळेचा शेवट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र नांवांची वही, आपल्या भाषेंत पट. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें, तेव्हां त्याच्या प्रवेशाची परीक्षा ती म्याट्रिक. जो शब्द आंत येण्याचा, तो आपल्याकडे बाहेर पडण्याचा झाला!

पट म्हटला कीं आम्हांस एक मुलगा आठवतो. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं पांचवीच्या वर्गांत तो एकटाच आला. आईबाप वीटभट्टीवर कामास गेलेले. आम्हीं पट उघडून विचारलें : नांव, बापाचें नांव, जात, जन्मतारीख. जन्मतारीख त्याला सांगतां येईना. "पाऊस पडत हुता," एवढेंच तो म्हणाला. वर्ग हंसला. आम्हीं वर्गास गप्प केलें नाहीं; खरें सांगावयाचें तर आमच्याही ओंठांवर हंसूं होतें. मागच्या बाकाकडे बोट दाखवून आम्ही गणिताकडे वळलों. तो चार दिवस आला. पांचव्या दिवसापासून आला नाहीं. कांहीं महिन्यांनीं आम्हींच तांबड्या शाईनें लिहिलें, 'नांव कमी केलें.' आमच्या शुद्ध अक्षराची तपासणी अधिकाऱ्यांनीं त्या वर्षीं स्तुति केली होती.

उपनयनांत आचार्य बटूचा हात धरून त्याचें नांव विचारतो, हें आम्ही पाठशाळेंत शिकलों होतों. नांव विचारण्याआधीं हात धरावयाचा असतो, एवढी गोष्ट आमच्या विद्येंतून आचरणांत उतरली नाहीं. आपल्याकडे नवागतांच्या छळाविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं 'दीक्षारंभ' या नांवाची स्वागतयोजना सांगितली. दोन्ही गोष्टी योग्यच. परंतु योजना कितीही उत्तम असली तरी ती आठवड्यानें संपते. तिकडे सदरे घातलेलीं तीं उत्साही मुलें दुसऱ्या आठवड्यांत आपापल्या अभ्यासास लागलीं, तेव्हां आमचा नातूही भोजनगृहांत एकटाच जेवूं लागला होता. त्यालाही पुढें कोणी तरी आपल्या टेबलाशीं बोलावलें, तेव्हांच तो रुळला.

हें सर्व आम्हीं सौभाग्यवतींस वाचून दाखविलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, "त्यांत नवल तें काय? नवी सून माप ओलांडून येते तेव्हां सारं घर दाराशीं जमतं. पण दुसऱ्या दिवशीं पहाटे चहाचं पातेलं कुठं ठेवलंय, हें तिला कोण सांगतं, त्यावर तिचं सासर ठरतं."

आमच्या सर्व शोधापेक्षां हें वाक्य मोठें, हें आम्ही निमूटपणें कबूल केलें. त्या मुलाचें वय आतां पन्नाशीच्या घरांत असेल. तो कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या वर्गांत, कचेरींत वा घरांत उद्यां कोणी नवें माणूस येणार असेल, तर पट उघडण्यापूर्वीं त्याला जवळ बसवावें, एवढी या निवृत्त मास्तराची विनंति आहे.