हापूसची पेटी मोबाईलवर

हापूसच्या धंद्यात थांबायला सवड नसते. काढणी झाली की दोनच रस्ते. कच्च्या फळाच्या पेट्या वाशी मार्केटला धाडायच्या आणि पट्टीत येईल तो भाव घ्यायचा, नाहीतर घरी अढी लावून पिकत आलेलं फळ थेट गिऱ्हाइकाला पोचवायचं. दुसऱ्या रस्त्याने चार पैसे जास्त मिळतात, पण अढी लागली की गिऱ्हाईक आठ-दहा दिवसांत मिळायलाच हवं.

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेचा माल घरोघर जावा म्हणून माझ्या दिरांनी २०१२ साली वेबसाइट करून घेतली. तेव्हा ऑर्डर देणारे बहुतेक जण ऑफिसातल्या संगणकावर बसलेले असत. ऐसपैस पान, डावीकडे बागेचे फोटो, उजवीकडे दरपत्रक आणि खाली मोठा फॉर्म, असा तिचा थाट होता. त्या काळाला ते साजेसंच होतं. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता आमचं गिऱ्हाईक संगणकावरून उठून मोबाईलवर गेलं.

हे आम्हाला कळलं ते डोंबिवलीच्या एका ताईंच्या फोनमुळे. जुन्या गिऱ्हाईक, म्हणून नंबर त्यांच्याकडे होता. म्हणाल्या, "लोकलमध्ये बसून तुमची साइट बघतेय, पण पाच डझनाची पेटी केवढ्याला ते काही वाचता येईना." मी सासूबाईंच्या साध्या फोनवर साइट उघडली. फोटो मोठे, त्यामुळे पान उघडायलाच बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा सगळं पान आक्रसून त्या छोट्या पडद्यावर बसलं होतं. दरपत्रक म्हणजे एक चित्र होतं. दोन बोटांनी मोठं केलं की आकडे फिसकटायचे. फोन नंबरही त्याच चित्रात. त्यावर कितीही बोट लावा, फोन काही लागत नव्हता. सासूबाई शेजारून म्हणाल्या, "दर खंय लिवलेलो आसा गो? माका तर काय दिसणा नाय."

त्या ताईंकडे नंबर होता म्हणून त्यांचा फोन तरी आला. ज्यांच्याकडे नंबर नाही, त्यांचं काय? असा माणूस साइट बंद करतो आणि स्टेशनबाहेरच्या गाडीवरून पेटी उचलतो. तिच्यावर 'देवगड' लिहिलेलं असतं. आत कर्नाटकातला आंबा असला तरी त्याला कसं कळणार? २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते मानांकन, ती बाग, तो माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आलाच नाही, तर बागायतदाराला त्याचा उपयोग काय?

पावसाळ्यात हात मोकळे झाल्यावर कणकवलीच्या एका मुलीकडून साइट नव्याने करून घेतली. तिने नीट समजावून सांगितलं. पानात व्ह्यूपोर्टची एक ओळ नसेल, तर फोन त्या पानाला संगणकाचं पान समजतो आणि सगळं लहान करून दाखवतो. पडद्याच्या रुंदीप्रमाणे एकच पान आपली मांडणी बदलू शकतं. 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात ते हेच, आणि २०१० पासून ही रीत रूढ होत आली आहे. गूगलही २०१५ च्या एप्रिलपासून मोबाईलवरच्या शोधात फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप देऊ लागलं, हेही तिच्याकडूनच कळलं.

आता पान उघडलं की आधी दिसतो आजचा दर: चार डझन, पाच डझन, सहा डझन, साध्या अक्षरांत. त्याखाली अंगठ्याला सहज सापडतील अशी दोन बटणं, एक फोनचं आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचं. लांबलचक फॉर्म गेला. नाव, मोबाईल, पिनकोड आणि पेट्या, एवढंच विचारतो. पिनकोडच्या चौकटीत बोट ठेवलं की थेट आकड्यांचा कीबोर्ड येतो. फोटो हलके केले. पैसे यूपीआयने. मानांकनाचं प्रमाणपत्र दराच्या लगेच खाली.

आमच्याकडचे काही बागायतदार विचारतात, व्हॉट्सअ‍ॅप असताना वेबसाइट कशाला? मी त्यांना सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला ओळखणारेच येतात. अनोळखी माणूस आधी गूगलवर शोधतो, आणि शोधतो तो हातातल्या फोनवर. मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर माल ठेवला तर विक्री होते, पण गिऱ्हाईक त्या कंपनीचं होतं. पुढच्या मोसमात मोहोर आला की कोणाला कळवायचं, तो नंबर आपल्याकडे राहत नाही. दलाल टाळायला निघालो आणि दुसरा दलाल गाठला, असं व्हायला नको.

नव्या साइटनंतरच्या पहिल्याच मोसमात नागपूर, इंदूर अशा ठिकाणांहून विचारणा आली. तिथे आमची ना ओळख ना नातं. त्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी गुढीपाडव्याआधीच पेट्या सांगून ठेवल्या. छोट्या उत्पादकाला यापरतं मोठं भांडवल नाही.

म्हणून काजूवाले असोत, कोकम सरबतवाले असोत की घरगुती खानावळ चालवणाऱ्या बायका, सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं. घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या, एसटी स्टँडवर उभे राहा आणि एका हाताने आपली साइट उघडा. दर वाचता आला पाहिजे, फोन लागला पाहिजे, पत्ता सापडला पाहिजे. यातलं एक जरी अडलं, तरी जाहिरातीवर रुपया घालण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.