टिलरची वही

जयगडला आमच्या मोहल्ल्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी बहुतेक घरांमागे गोठा होता. आता त्या गोठ्यांत मोटारसायकली, जुनी जाळी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतात. बैल काही एका दिवसात गेले नाहीत. पुरुष मंडळी कुवेत, दुबई, सौदीला गेली. जी राहिली त्यांतली काही मच्छीच्या धंद्यात आणि 2009 साली नवे बंदर सुरू झाल्यावर काही तिकडे कामाला. मग बैलांचे वैरणपाणी करणार कोण? घरातल्या म्हाताऱ्या बायकाच.

मार्च 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यावर पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले, पण बहुतेक खाण्याबद्दल. शेतकऱ्याच्या हिशोबाबद्दल फार थोडे. म्हातारा बैल विकायचा, त्यात पदरची भर घालायची आणि तरणा बैल आणायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. आमचा होता तसाच शेजारच्या कुणबीवाडीचाही होता. तो थांबला. आमच्या जोतातला एक बैल आधीच गेला होता, दुसरा पुढे दोन वर्षे गोठ्यात बसून होता. कुणाचा त्याच्यावर राग नव्हता. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटपर्यंत त्याला हाताने पेज पाजत होत्या. त्या साली लावणी रमजानात आली. रोजे धरून बाया चिखलात वाकलेल्या आणि खाचर नांगरायला जोत नाही. उसने जोत मिळेपर्यंत रोप चाळीस दिवसांचे झाले. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांत लावावे असे सांगतात. त्यानंतर त्याला फुटवे कमी येतात. त्या वर्षी किती भात झाले हे अम्मी कुणाला सांगत नव्हत्या.

कुवेतहून दिराचा फोन आला की मळा कुणाला तरी देऊन टाका, तांदूळ दुकानात मिळतो. अम्मी एवढेच म्हणाल्या, "जमीन ओसाड टाकायची नाय." म्हणून 2017 साली टिलर घरात आला. नव्या यंत्राला सरकारी अनुदान असते, पण त्याला सातबारा लागतो आणि आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांतली चार कब्रस्तानात आणि तीन आखातात. तेव्हा जुनाच घ्यावा लागला. खाडीपलीकडून, तवसाळच्या फेरीबोटीने तो आला.

विकणाऱ्याने सांगितले, "मशीन जपानी आहे." असे सगळेच सांगतात, आणि ते अगदी खोटेही नसते. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवले, केरळच्या सरकारी कामकोने कुबोटाच्या. पण रिंग, बेअरिंग किंवा ऑईल सील आणायला गेले की दुकानदार 'जपानी' ऐकून घेत नाही, मॉडेल विचारतो. आमच्या यंत्रावरची पट्टी केव्हाच गळून पडली होती आणि अंगावर लाल रंगाचे दोन थर चढले होते. रंगावर तर मुळीच जाऊ नये. जुने यंत्र विकायचे तर रंग आधी बदलतात. इंजिनचा नंबर इंजिनच्या अंगावर ठोकलेला असतो, चासीचा गिअरपेटीजवळ. रॉकेलच्या बोळ्याने ती जागा पुसली, वर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी घासली. वर्गात मुले नाण्याचा छाप काढतात तसा नंबर कागदावर उमटला. तो कागद घेऊन रत्नागिरीला गेले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा नीट उत्तर दिले. चिनी यंत्र घेणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावे. जुलै 2020 मध्ये केंद्राने पॉवर टिलरच्या आणि त्याच्या मुख्य भागांच्या आयातीवर निर्बंध घातले. आपले इंजिन कोणत्या घराण्याचे हे ठाऊक नसेल तर एका सीलसाठी हंगाम जातो.

वहीची सुरुवात तिथून झाली. टिलरला तास मोजणारे मीटर नव्हते आणि तेल तर तासांवर बदलायचे असते. आमच्या इंजिनाला दर शंभर तासांनी. मग हजेरीपटासारखे रकाने आखले: तारीख, किती तास चालला, डिझेल किती, काय केले. घोटाळा भाषेचा झाला. अम्मींना उर्दू वाचता येते, मराठी नाही. खंडाळ्याहून येणाऱ्या मेस्त्रीला मराठी येते, उर्दू नाही. मी उर्दू शाळेत शिकवते आणि घरात आम्ही बोलतो ती कोकणी, जी यांपैकी कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. उजवीकडून उघडली की उर्दू, डावीकडून उघडली की मराठी. अम्मींच्या बाजूला 'पुर्जा', मेस्त्रीच्या बाजूला 'पार्ट'. मराठीत त्याला 'सुटा भाग' म्हणतात असे मी एकदा सांगितले, तर मेस्त्री म्हणाला, सुटा झाल्यावरच मला बोलावता ना?

वहीत सगळ्यात जास्त नोंदी पात्यांच्या आहेत. रोटरची पाती डावी-उजवी अशी वेगळी असतात आणि त्यांची वाकडी धार फिरण्याच्या दिशेला यावी लागते. उलट बसले तर पाते माती कापत नाही, नुसते आपटते आणि यंत्र उड्या मारते. दुसरे म्हणजे चिखलणीनंतर रोटरच्या दांड्याला गवत, धसकटे आणि नायलॉनच्या जाळ्याचे धागे गुंडाळलेले असतात. आमच्याकडे जाळ्याचे धागे शेतातही सापडतात. ते त्याच संध्याकाळी कोयत्याने कापून काढावे. नाहीतर ऑईल सील कापले जाते, पाणी गिअरपेटीत शिरते आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. तसा रंग दिसला की यंत्र उभे करायचे, 'एवढा मळा होऊ दे' म्हणायचे नाही. आमचा खालचा मळा खाडीला लागून आहे, तिथे पाणी मचूळ. म्हणून धुणे विहिरीच्या गोड्या पाण्यानेच आणि सुकल्यावर जुन्या तेलाचा हात.

धूर वाचायला अम्मी माझ्याआधी शिकल्या. काळा धूर म्हणजे इंजिनला हवा कमी मिळते किंवा बोजा जास्त आहे. आधी एअर क्लीनर बघायचा. निळा म्हणजे इंजिनचे तेल जळते. पांढरा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा त्यात पाणी आहे. पडवीत बसून त्या ओरडायच्या, "काळा येतोय गं!"

2019 च्या जुलैत टिलर दहा मिनिटे चालायचा आणि विझायचा. थोडा वेळ थांबून हँडल मारले की पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटे. एक मेस्त्री बघून गेला, म्हणाला पंप गेला, आणि आकडा सांगितला तो माझ्या अर्ध्या पगाराचा होता. रोप बावीस दिवसांचे होते. पंप गेला असेल तर थांबल्यावर बरा कसा होतो, हे मला पटेना. फिल्टर काढला, साफच होता. नळीतली हवा काढली: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की आवळायचा. तरी तेच. शेवटी विझल्याबरोबर टाकीचे झाकण उघडले तर आत 'फुस्स' करून हवा ओढली गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, ते चिखलाने बुजले होते. डिझेल उतरत होते, वरून हवा जात नव्हती. सुईने भोक मोकळे केले. त्या दिवशी मगरिबपर्यंत दोन मळे झाले.

चालवायला मात्र सवय लागते. वळायला मुठीखालचा उजवा क्लच दाबला की टिलर उजवीकडे वळतो, हे सपाटीवर. उतारावर तोच क्लच दाबला की ते चाक मोकळे सुटून पुढे पळते आणि टिलर डावीकडे जातो. कोकणात सपाटी किती आणि उतार किती! बांधावरून खाली उतरताना क्लचला हात न लावता हँडलनेच वळवायचे, पहिल्या गिअरमध्ये. आणि मागे घेताना रोटर बंद. बायकांनी ओढणी घट्ट बांधावी, शक्यतो काढूनच ठेवावी. यावर मोहल्ल्यात जे बोलले जाते ते बोलू द्यावे.

आता नारळ-सुपारीच्या वाड्यांत पेट्रोलवरचे छोटे विडर आले आहेत. हलके आहेत, एकटी बाई फिरवू शकते. पण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल धरते. आमच्यासारख्या दमट गावात पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवले की कार्ब्युरेटर खराब झालाच समजा. काम संपले की टाकी रिकामी करून, नळीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

यंदा अम्मींना पडवीतून धूर दिसत नाही, मोतीबिंदू झाला आहे. त्या आवाज ऐकतात. नणंदेची मुलगी बारावीला आहे, ती टिलर धरते आणि वहीत मराठीच्या बाजूने लिहिते. उर्दूची बाजू मीच भरते आणि रात्री वाचून दाखवते. शेवटची नोंद पट्ट्यांची आहे. इंजिनवरून गिअरपेटीकडे जाणाऱ्या तीनही पट्ट्या एकदमच बदलायच्या, एक नवी आणि दोन जुन्या घातल्या तर नवीवरच सगळा ताण येतो. मृगाच्या आत रत्नागिरीहून आणायच्या आहेत.